पश्चिमेची भिंत आम्हीच का व्हायचं?

भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात आता एक नवी जात आलीय. थंड घरवाल्यांची जात. पानशेतचं पाणी दिसेल, तोरणा दिसेल, राजगड दिसेल अशी टेकडी बघायची, तिला कंपाउंड मारायचं आणि वर घर बांधायचं. साधंसुधं नव्हे. वीज न जाळता गार राहणारं. त्याला ते ‘पॅसिव्ह हाऊस’ म्हणतात. डिक्शनरीत बघितलं तर पॅसिव्ह म्हणजे निष्क्रिय. निष्क्रिय घर! काही न करता गार बसून राहणारं. च्यायला, काही न करता गार बसून राहणाऱ्यांना आम्ही पिढ्यान् पिढ्या ओळखतो. त्यासाठी इंग्रजी शब्दाची गरज पडली नव्हती.

पण थट्टा पुरे. दोस्तहो, या घराची मी नुसती टवाळी करणार नाही. आपल्यात एक खोड आहे. धनदांडग्यांची चीज दिसली की शिवी हासडायची आणि मोकळं व्हायचं. शिवीनं छप्पर गार होत नाही. या घरामागं विद्या आहे. ती काय आहे हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर हक्क सांगता यायचा नाही.

मूळ गोष्ट जर्मनीतली. डार्मस्टाट नावाच्या शहरात १९९१ साली वोल्फगांग फाइस्ट आणि त्याच्या सोबत्यांनी असलं पहिलं घर बांधलं. थंडीचा मुलूख. भिंतींना, छपराला जाड अस्तर लावलं, फटी बुजवल्या. मग माणसाच्या अंगाची ऊब, दिव्याची ऊब, खिडकीतून येणारं ऊन एवढ्यावरच घर बरंचसं भागवतं. वर्षाला दर चौरस मीटरमागं १५ युनिटपेक्षा जास्त ऊब बाहेरून द्यायची नाही, असं त्यांनी माप ठरवलं. म्हणजे थर्मासची बाटलीच. आपल्या मुलखात थर्मासची नक्कल करून भागत नाही. इथं लढाई उलटी. ऊन आत येऊच द्यायचं नाही. आलंच तर गरम हवा वरून बाहेर काढायची. आणि रात्रीचा गार वारा घरभर खेळवायचा.

त्यासाठी आर्किटेक्ट काय करतो? घर पूर्व-पश्चिम लांब ठेवतो, म्हणजे मोठ्या भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येतात. दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्याला दक्षिणेकडून छपराची पागोळी दोन-तीन फूट पुढं काढून अडवता येतं. पण सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं येतं. ते पागोळीला जुमानत नाही. त्यातही पश्चिमेचं सगळ्यात वाईट, कारण तोवर दिवस तापलेला असतो. म्हणून पश्चिमेला खिडक्या कमी ठेवायच्या. भिंती काळ्या दगडाच्या नाहीतर मातीच्या, दीड-दोन फुटांच्या. अशा भिंतीत दुपारचं ऊन शिरतं, पण पलीकडं पोचायला त्याला रात्र होते. तोवर खिडक्या उघडतात, वारा येतो, भिंत पुन्हा गार. मध्ये चौक. वर झरोके, कारण गरम हवा हलकी, ती वर जाते, तिला वाट पाहिजे. नैर्ऋत्येला पाणी आणि झाडं, म्हणजे वारा त्यावरून गार होऊन येतो. छपराला दोन थर, मध्ये हवा.

आता सांगा, यातलं नवीन काय?

भोरला जाऊन राजवाडा बघा. पंत सचिवांचा. आता तिथं सिनेमावाले शूटिंगला येतात. जाड भिंती, लाकडी खांब, मधोमध चौक, चौकाभोवती सावलीचे सोपे. एकोणिसाव्या शतकातलं हे ऐषआरामी पॅसिव्ह हाऊस. विजेचं बटण भोरात यायच्या आधीचं. आणि गरिबाचं बघायचं तर मावळातलं जुनं कौलारू घर. पुढं पडवी, वर माळा. माळ्यावर गवत-लाकूड भरलेलं, म्हणजे कौलाची ऊब खाली उतरायची नाही. कातकऱ्याची झोपडी बघा. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, आडव्या बांधायच्या, वरून शेण-माती लिंपायची. झाला कूड. ही भिंत श्वास घेते. पावसाळ्यात वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला आभाळ फाटतं, तिथं ती भिजते, पण पागोळी खाली उतरलेली असली तर टिकते. दर साल पुन्हा लिंपायची. बाया लिंपतात. त्यांच्या हातात जे आहे त्याचा आता पुण्यात वर्कशॉप भरतो. फी भरून शिकवतात, शेण कसं कालवायचं ते.

दगड फोडणारा वडार. चुना भाजणारा लोणारी. गाळ, माती, पाणी वाहणारे आपले बापजादे. भोरच्या वाड्यातला एकेक चिरा कुणाच्या तरी खांद्यावरून वर चढलाय. वाडा ‘निष्क्रिय’ असेल, खांदा निष्क्रिय नव्हता. आजही तेच. मातीच्या भिंतीला सिमेंट कमी लागतं, मशीन कमी लागतं, म्हणून तिला ते ‘कमी ऊर्जेची’ म्हणतात. मशीन कमी लागतं म्हणजे माणूस जास्त लागतो. माती चाळायची, भिजवायची, तुडवायची, धुमसानं ठोकायची. ही ऊर्जा कुठल्या मीटरवर पडते? त्यांचा हिशेब युनिटात आहे. घामाला युनिट नाही.

आणि या बांधकामावर जा एकदा, दुपारी दोनला. दीड फुटाची मातीची भिंत चढतेय, तिच्या सावलीत हात लावला तर गार. आणि तिच्यापासून वीस पावलांवर मजुरांची राहायची जागा. चार बांबू आणि पत्रा. ज्या हातांनी गारवा बांधला ते हात रात्री पत्र्याखाली. हा पत्रा दुपारच्या उन्हात साठ अंशांच्या पुढं जातो. त्याखाली पोरगं झोळीत.

आता मुद्द्यावर येतो. आर्किटेक्टच्या भाषेत एक शब्द आहे, ‘बफर’. म्हणजे मधली ढाल. पश्चिमेच्या भिंतीला बेडरूम लावायची नाही. तिथं जिना, संडास, कोठीची खोली, मोटारीचं शेड असं काहीतरी लावायचं. ते तापलं तरी चालतं. ते तापतं म्हणून आतली खोली गार राहते. विद्या म्हणून झकास आहे. माझी तक्रार नाही. पण अशा नकाशांवर त्या पश्चिमेच्या पट्ट्यात कोठीच्या शेजारी आणखी एक चौकोन असतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘नोकर’. नाहीतर ‘केअरटेकर’.

म्हणजे माणूस बफर.

हे वाचून कुणाला धक्का बसला असेल तर तो आपल्यातला नाही. आपण बफरच होतो. गावाचा बफर. आषाढातला वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आपल्याकडं बऱ्याच गावांत महारवाडा पूर्वेला. का? आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरू नये. नदीवर पाणवठे कसे? वर त्यांचा, खाली आपला. बाबासाहेबांनी गावगाड्यावर लिहिलेलं वाचा. अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेला हवी, कारण ती दिशा अशुभ, हा नियम त्यांनी नोंदवून ठेवलाय. आणि त्याच यादीत पुढं हेही आहे की अस्पृश्यानं कौलारू घर बांधणं हा गुन्हा. कौल हा गुन्हा! लक्षात घ्या, नियम करणाऱ्यांना नीट कळत होतं की कौलाखाली माणूस गार आणि कोरडा राहतो. वारा, ऊन, पाणी, दिशा यांचं सगळं शास्त्र त्यांना येत होतं. पॅसिव्ह डिझाइन त्यांनी अख्ख्या गावाचं केलं होतं. गावकूस ही त्या घराची बाहेरची भिंत, आणि आपण भिंतीच्याही बाहेर.

आजचा कायदा काय करतो तेही सांगतो. घरं गार राहावीत, वीज कमी लागावी म्हणून दिल्लीच्या ऊर्जा खात्यानं २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ काढली. चांगली आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवा, छपराला अमुक अस्तर द्या, खिडक्या एवढ्या उघडल्या पाहिजेत, असं सगळं त्यात. पण ती लागू कुणाला? पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांना. पाचशे मीटरवाल्याच्या अंगाला घाम येऊ नये म्हणून संहिता. आणि पंचवीस चौरस मीटरच्या घरकुलात राहणारा संहितेच्या गावकुसाबाहेर.

ते घरकुल बघू. रमाई आवास. आईचं नाव दिलंय योजनेला. २६९ चौरस फूट. केंद्राच्या घरकुलाला साध्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार ठरले होते. २०२५ साली राज्यानं त्यात थोडी भर टाकली. या पैशात काय उभं राहतं? चार-सहा इंची भिंती, वर पत्रा नाहीतर चार इंची स्लॅब. पत्रा दिवसा भाजतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत आपल्या अंगावर ओकतो. तोंड रस्त्याकडं, मग रस्ता पश्चिमेला असेल तर दार पश्चिमेला. समोरासमोर खिडकी नाही. झरोका नाही. पडवी नाही, कारण पडवी २६९ मध्ये बसत नाही. म्हातारी माणसं उन्हाळ्यात दिवसभर झाडाखाली बसतात आणि फक्त झोपायला घरात जातात. सरकार म्हणतं पक्कं घर दिलं. पक्कं आहे. भट्टीसुद्धा पक्कीच असते.

पत्र्याचं मला कुणी सांगायला नको. मी गोदीत काम करतो. मे महिन्यात उन्हात उभा असलेला कंटेनर उघडून आत शिरलं की पहिला श्वास घशात अडकतो. लोखंडाची पेटी, खिडकी नाही, भिंतीला हात टेकवता येत नाही. तर आता पुण्या-मुंबईचे शौकीन असले जुने कंटेनर विकत घेऊन डोंगरात नेऊन ठेवतात आणि त्याला ‘कंटेनर होम’ म्हणतात. मग आत अस्तर मारा, एसी लावा, सोलर लावा. आणि वर पर्यावरणाचा बिल्ला! उन्हाच्या मुलखात लोखंडाच्या पेटीत राहायची हौस ज्याला आहे त्यानं आमच्याबरोबर एक पाळी करून बघावी, हौस फिटेल.

नक्कल करायची तर निदान आपल्या पावसाची तरी करावी. मुळशी-वेल्ह्याच्या मोसे खोऱ्यात, वरसगावच्या पाण्याकाठी लवासा उभं राहिलं तेव्हा इटलीतल्या पोर्तोफिनो गावाचा थाट आणला. रंगीत भिंती, ओळीनं इमारती. त्या समुद्राकाठी पाऊस मुख्यतः हिवाळ्याच्या अंगानं पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. इथं चार महिने वारा आणि पाऊस एकदमच भिंतीवर आपटतात. आराखड्याला परदेशात बक्षिसं मिळाली. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवायची नोटीस काढली, २०११ ला अटींवर परवानगी दिली, २०१८ ला कंपनी दिवाळखोरीत गेली. बक्षिसं देणाऱ्यांनी खोऱ्यातल्या वाड्यांना काही विचारल्याचं ऐकिवात नाही. तसं या खोऱ्यांना विचारायची पद्धतच नाही. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. पुण्यात पूर आला तो सगळ्यांच्या पुस्तकात आहे. पण धरणाच्या पोटात ज्यांची गावं गेली त्यांच्यासाठी तो दिवस काही पहिला बुडण्याचा दिवस नव्हता. आजही धरणाच्या काठच्या वाड्यांतल्या बाया मे महिन्यात हंडे घेऊन चढण चढतात, आणि वरच्या टेकडीवर वारा गार करायला तळं भरलेलं असतं. वेल्हे तालुक्याला आता राजगड नाव मिळालंय. नावानं हंडा भरत नाही.

कुणी म्हणेल, ही विद्या गरिबांसाठीच काढली पाहिजे, श्रीमंतांनी ती पळवली. खरंय, पण अर्धं. इजिप्तमधला हसन फथी हा आर्किटेक्ट घ्या. १९४५ नंतर त्यानं लक्सरजवळ गरिबांसाठी मातीच्या विटांचं अख्खं गाव बांधायला घेतलं, न्यू गुर्ना. घुमट, चौक, वाऱ्याच्या वाटा. घरं देखणी. पण ज्यांच्यासाठी बांधली त्यातले बरेच लोक राहायला आलेच नाहीत. सरकारला त्यांना जुन्या जागेवरून उठवायचं होतं, त्यांचं पोट त्या जुन्या जागेशी बांधलेलं होतं. पुढं फथीची ती विद्या ऐपतवाल्यांच्या बंगल्यांत शोभली. यातून मी काय घेतो? गरिबांसाठी दुसऱ्या कुणी काढलेला चांगला नकाशाही उपयोगाचा नाही. नकाशावर आपला हात पाहिजे.

आणि एक गोष्ट आपल्याच पुढाऱ्यांना सांगायची आहे. ते म्हणतात, गरिबाला आधी चार भिंती मिळू द्या, गारव्याचं मग बघू. हे ‘मग’ फार जुनं आहे. आधी भाकरी, मग शाळा. आधी शाळा, मग पाणी. बाबासाहेबांनी दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, १९३३ च्या सुमाराला. नाव बघा, राजगृह. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. ‘आधी चार भिंती’ असा हिशेब त्यांनी केला नाही. चाळीत राहिलेल्या माणसानं स्वतःसाठी राजाचं घर बांधलं आणि त्यात ग्रंथ भरले. चैन ही वाईट गोष्ट असती तर तिच्यावर इतक्या पिढ्या पहारा कुणी ठेवला असता? मी चैन नाकारत नाही. मी चैन मागतो. दुपारी दोनला घरात बसून पोरानं अभ्यास करावा आणि त्याच्या वहीवर घाम टपकू नये, एवढी चैन.

ती महाग नाही, हे सांगायला आर्किटेक्ट लागत नाही. केरळात लॉरी बेकर नावाचा माणूस होऊन गेला, जन्मानं इंग्रज. तो विटा आडव्या न टाकता उभ्या लावायचा, मध्ये पोकळी सोडायचा, उंदराच्या पिंजऱ्यासारखी. त्याला ‘रॅट-ट्रॅप बाँड’ म्हणतात. साधारण चौथाई विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. स्लॅबमध्ये खालच्या अंगाला जुनी कौलं बसवायची, तेवढं काँक्रीट कमी आणि तेवढी ऊब कमी. गवंडी आपलेच आहेत, आठ दिवसांत शिकतील. पश्चिम वेल्ह्यात, जिथं पाऊस झोडपतो, तिथं स्लॅबपेक्षा कौल बरं, उताराचं, खाली माळा. भोरच्या पूर्वेला, शिरवळच्या अंगाला, पाऊस कमी, तिथं स्लॅब असला तर वर पांढरा चुना मारा. पांढऱ्यावरून ऊन परत जातं. पत्राच असेल तर त्याखाली हातभर अंतर सोडून बांबूचं नाहीतर कारवीचं छत बांधा आणि दोन्ही टोकांना वारा जायला जागा ठेवा. यातल्या कुठल्या गोष्टीला परदेशी काच लागते? इटालियन मार्बल लागतो?

लागते ती जागा. इथं सगळं येऊन अडतं. घरकुलाला नावावर जागा पाहिजे, आणि आपल्याकडं रस्त्यालगतची पट्टी. दिशा बघून घर वळवायचं तर दोन हात तरी मोकळे पाहिजेत. महार वतनाच्या जमिनी होत्या. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, जमिनी परत मिळाल्या त्या अटीवर की सरकारच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. त्या अटी कशा वाकवल्या जातात ते २०२५ साली पुण्यात मुंढव्याच्या व्यवहारानं अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं. डोंगरातल्या वतनाच्या तुकड्यांचं काय झालं, कुठल्या टेकडीवरचं थंड घर कुणाच्या इनामावर उभंय, हे सात-बारा आणि जुने फेरफार काढून बघायला पोरांनी तलाठ्याकडं जायला पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

तेव्हा वेल्ह्यातल्या, भोरमधल्या सगळ्या वस्त्यांतल्या पोरांना जयभीम घालून सांगतो. पुढच्या ग्रामसभेला रिकाम्या हातानं जाऊ नका. घरकुलाची यादी वाचून दाखवतील, नाव आलं की नाही एवढंच ऐकून परत फिरू नका. विचारा, नकाशा कुठाय? दार कुठल्या दिशेला? समोरासमोर खिडकी आहे का? पश्चिमेच्या भिंतीला काय लावलंय? पडवी का नाही, आणि पडवीचे पैसे कुणी कापले? ग्रामसेवक म्हणेल, वरून आलंय. त्याच्याकडून तेच लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट. आणि लिंपणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या आयांना बरोबर न्या, पुढं बसवा. भिंत कशी असते ते इंजिनिअरला त्या सांगतील.